बाटलीचं बाळंतपण

वाइन पिणाऱ्यांशी माझं भांडण नाही. नाशकात राहून ते परवडणारंही नाही. राजीव सामंतांनी गंगापूर धरणाच्या बाजूला वायनरी काढायचं मनावर घेतलं, आईच्या नावातला ‘सुला’ घेऊन तिचं बारसं केलं, आणि आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांचा क्रमच बदलला. पूर्वी ते आधी त्र्यंबकेश्वर करून मग ‘आणखी काय बघायचं?’ विचारत. आता आधी वायनरी, आणि वेळ उरला तर त्र्यंबकेश्वर. चालायचंच! माझं भांडण आहे ते दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये वाइनसाठी म्हणून वेगळा फ्रिज आणणाऱ्यांशी. आणि ते मी जाहीरपणे भांडणार आहे.

आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर असा एक फ्रिज आला आहे. फ्रिज अठरा बाटल्यांचा. घरात बाटल्या चार. शिवाय हा अठराचा आकडाही सरळ खांद्याच्या, पाऊण लिटरच्या बाटल्या धरून काढलेला असतो. शॅंपेनच्या घाटाची एखादी पोटवाली बाई आत शिरली, की लोकलच्या चौथ्या सीटसारखी शेजारच्यांची पंचाईत होते. पण ते पुढचं. आधी त्याचं पथ्यपाणी ऐका.

घरी आल्यावर त्याला काही तास, जमलं तर एक दिवस, नुसता उभा ठेवायचा. का? तर वाटेत हेलकावे खाऊन कंप्रेसरमधलं तेल इकडेतिकडे झालेलं असतं, ते जागेवर यायला हवं. मग रिकामाच चालू करून आतली थंडी स्थिरावू द्यायची. मग बाटल्या ठेवायच्या, त्याही आडव्या. कारण उभ्या बाटलीचं बूच सुकतं, आकसतं आणि आत हवा शिरते. उजेड नको. हादरे नकोत. हवा फार कोरडी नको. तापमान बारा-तेरा अंश, तेही वरखाली होता कामा नये. आमच्या आजीच्या काळी हे सगळं बाळंतिणीच्या खोलीला लागू असे. फरक एवढाच, की तिथे सव्वा महिन्यात सुटका व्हायची.

गंमत म्हणजे चारांपैकी तीन बाटल्यांना बूच नाहीच, फिरकीचं झाकण आहे. त्या आडव्या पडल्या काय नि उभ्या राहिल्या काय, सारखंच. पण त्यांनाही सक्तीची विश्रांती!

आता मी पडलो बी.कॉम. माल साठवायचा तर का साठवायचा, हा प्रश्न आमच्या हाडात मुरलेला. फ्रान्समध्ये खडूच्या दगडात खोदलेली तळघरं आहेत. तिथे बारा महिने दहा-बारा अंशांचा गारवा फुकट मिळतो. तिथल्या काही निवडक वाइन वीस-वीस वर्षं मुरतात, हे खरं. पण बाजारातली बहुतेक वाइन मुळात वर्षा-दोन वर्षांत, फार तर चार वर्षांत पिऊन टाकायला केलेली असते. ती ठेवून लोणच्यासारखी मुरत नाही, भाजीसारखी शिळी होते. म्हणजे नाशवंत माल, त्याला घसारा लागणारं यंत्र, यंत्राला हप्ता आणि हप्त्यावर व्याज. कर्जखात्यात बसून मी असे ताळेबंद रोज बघतो. वर तो फ्रिज चोवीस तास वीज खाणार, आणि आपल्याकडे महिन्याचे शंभर युनिट ओलांडले की पुढच्या युनिटांचा दर चढतो. एका बाटलीचा मुक्काम बाटलीपेक्षा महाग पडायला किती दिवस लागतील, हे गणित मी त्या गृहस्थांना करून दाखवलं. ते म्हणाले, “साहेब, यात दोन झोन आहेत!”

दोन झोनचंही ऐकाच. लाल वाइन जरा कोमट बरी, पांढरी थंड बरी, हे प्यायच्या वेळचं. नुसतं साठवायचं तर दोघींना तेच बारा-तेरा अंश चालतात. प्यायच्या आधी पांढरीला तासभर साध्या फ्रिजमध्ये ठेवली की दुसरा झोन झाला.

“मग मे महिन्यात काय करायचं?” हा त्यांचा प्रश्न मात्र रास्त आहे. चाळीस अंशांत कपाटातली वाइन शिजते, बूचसुद्धा वर सरकतं. कबूल. पण वायनरी गावात आहे, तिची टाकी आणि कोठार आपल्यापेक्षा गार आहे. शनिवारी एक बाटली आणावी, रविवारी संपवावी. गंगापूर रोडला राहून अठरा बाटल्यांचा साठा करणं म्हणजे गोदाकाठी राहून पाण्याचा टँकर अंगणात उभा करणं.

इथवर सगळं त्यांच्या पैशाचं झालं. पण जागेचं काय? पुस्तिकेप्रमाणे ऊन नको, स्वयंपाकघराची धग नको, वर्दळ नको. अशी जागा त्या घरात एकच निघाली: त्यांच्या आईची खोली. आजी ऐंशीच्या पुढच्या. त्यांची ट्रंक माळ्यावर गेली आणि पलंगाच्या पायथ्याशी फ्रिज आला. बरं, फ्रिज गारवा निर्माण करत नाही. तो आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. बाहेर म्हणजे कुठे? तर आजींच्या अंगावर. चार बाटल्या तेरा अंशांत, त्यांची धग पाठीमागून आजींच्या खोलीत, आणि आजींना छताचा पंखा, तोही तीनवर, कारण पाचवर खडखडतो. आतली बाटली हादरू नये म्हणून त्यांचा पलंगही आता भिंतीपासून कुणी हलवायचा नाही.

मी मुलाला स्पष्टच विचारलं, “अहो, खोलीला कूलर का नाही घेतला?” तर म्हणे, “आईला सवय आहे उकाड्याची.”

आजींनी तक्रार केली नाही. त्यांनी खालच्या कप्प्यात ओल्या फडक्यात गुंडाळून विड्याची पानं ठेवायला सुरुवात केली. साध्या फ्रिजमध्ये ती काळी पडायची, इथे हिरवीगार राहतात म्हणे. परवा मुलाने साहेबांसाठी म्हणून बाटली काढली, तर तिच्या गळ्यात मोगऱ्याचा गजरा होता. तो बराच ओरडला. आजी म्हणाल्या, “तू अठरा जागा घेतल्यास ना रे? मला दोन पुरतात.”