घर पाहावे विकून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्याने केली त्याच्यावर घर विकण्याची पाळी कधी आली नसावी. नाही तर त्याने तिसरे वाक्यही जोडले असते. बांधताना पैसा जातो, लग्नात झोप जाते आणि विकताना आपला स्वतःच्या घराविषयीचा समज जातो. ज्या कोनाड्याचे घरात तीन पिढ्या कौतुक चालले, तो पाहून गिऱ्हाईक एवढेच विचारते, "हा बुजवायला किती खर्च येईल हो?"

ऐन दिवाळीत घर विकण्याच्या गोष्टी कशाला, असे कोणी म्हणेल. पण शहरातल्या किती तरी कुटुंबांत दर दिवाळीला हाच विषय फराळाबरोबर निघतो. गावाकडचे घर बंद आहे, मुले परगावी आहेत, छपराचा खर्च चुकत नाही, तेव्हा काय करावयाचे? आमच्या सासरच्या घराचा निकाल नुकताच लागला. त्या व्यवहारात जे पाहिले आणि केले, ते वाचकांना उपयोगी पडेल म्हणून सांगते.

आमचे घर इस्लापूरचे. नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातले हे गाव. पैनगंगेवरचा सहस्रकुंडाचा धबधबा जवळच, नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा आणि भोवती सागाचे रान. मराठवाड्याच्या मानाने इकडे पाऊस बरा. त्यामुळे लातूर-बीडकडे असते तसे मातीचे माळवद आमच्या घराला नाही. सागाचे खांब, सागाचे वासे आणि वर कवेलू. भिंती मात्र दगडमातीच्या, चांगल्या दीड हात जाडीच्या. पुढे ओसरी, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी, परसात आड आणि कडुलिंब.

पहिले दोन पाहुणे आले तेव्हा घर जसे होते तसेच दाखविले गेले. दोघांनीही मान वर करून खांब आणि वासे मोजले आणि सागवानाचा भाव काढला. त्यांना घर नकोच होते, लाकूड हवे होते. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. "घर विका, पण राहणाऱ्याला विका," एवढेच त्या म्हणाल्या. तेव्हा राहणाऱ्याच्या मनात भरेल असे घर करणे भाग होते. थोरल्या जाऊबाई आणि मी आठ दिवसांची सवड काढून इस्लापूरला गेलो.

अमेरिकेत या कामाचा एक धंदाच झाला आहे. तिकडे त्याला 'होम स्टेजिंग' म्हणतात. नाटकासाठी रंगमंच सजवावा तसे विकाऊ घर सजवावयाचे. घरविक्रीच्या व्यवसायातल्या बार्ब श्वार्ट्झ या बाईंनी १९७०च्या दशकात हे काम नावारूपाला आणले. भाड्याने सोफे आणतात, फुले ठेवतात, भिंतीवर चित्रे लावतात. इस्लापुरात सोफा आणून काय करणार? पण त्या कल्पनेतला एक भाग आपल्यालाही लागू पडतो: पाहणाऱ्याला तुमचा संसार दिसता कामा नये, त्याचा स्वतःचा संसार त्या जागी मांडून पाहता आला पाहिजे.

म्हणून पहिले काम घर रिकामे करण्याचे. फुटके रांजण, तीन पायांची खाट, पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेल्या आणि उंदरांनी खाल्लेल्या गाद्या, जुन्या पंचांगांचे गठ्ठे, सारे बाहेर काढले. माजघर एकदम दीडपट मोठे दिसू लागले. पूर्वजांच्या तसबिरीही उतरवून घेतल्या. परक्या घरातल्या आजोबांनी आपल्याकडे रोखून पाहावे, हे कोणत्याही गिऱ्हाइकाला आवडत नाही.

दुसरे काम वासाचे. पाहुणा घर डोळ्यांनी पाहण्याआधी नाकाने पाहतो. बंद घराला वटवाघळांचा, ओलीचा आणि डांबराच्या गोळ्यांचा मिळून एक वास असतो. त्यावर अत्तर किंवा उदबत्ती चालत नाही; उलट काही तरी झाकले आहे असा संशय येतो. दारे-खिडक्या आठ दिवस सताड उघडी ठेवावीत, जमीन धुऊन कोरडी करावी, कपाटे उन्हात काढावीत. ऊन आणि वारा यांना पैसे पडत नाहीत.

तिसरे छप्पर. आमच्याकडे वानरांचा उपद्रव फार. एक टोळी वरून गेली की पाच-पन्नास कवेलू फुटलेच. पावसाळ्यानंतर पाहुणे येणार असतील तर छतावरचे ओलीचे डाग आधी डोळ्यांत भरतात. आम्ही प्रथम घर शाकारून घेतले, गळती थांबल्याची खात्री केली आणि मगच भिंतींना हात लावला. उलट क्रमाने केल्यास रंगाचे पैसे पाण्यात जातात, अगदी शब्दशः.

आता रंग. रंगाऱ्याने ऑइलपेंट सुचविला. मी चुनाच धरून बसले. मातीच्या भिंतीला चुना मानवतो, कारण भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडते. सिमेंटचा गिलावा किंवा तेलाचा रंग दिला की ओल आत कोंडते आणि वर्षा-दोन वर्षांत पापुद्रे सुटतात. कळीचा चुना पाण्यात विरवून, रात्रभर मुरवून, फडक्याने गाळून घ्यावा. त्यात थोडा भिजवलेला डिंक आणि चिमूटभर नीळ घालावी. चुना विरताना पाणी उकळते, म्हणून पत्र्याचा डबा घ्यावा आणि मुलांना दूर ठेवावे. सागाचे खांब धुऊन, वाळवून जवसाच्या तेलाच्या बोळ्याने पुसले. वर्षानुवर्षांचा धूर निघाला आणि लाकडाचा मूळचा रंग वर आला. एवढ्या एका कामाने ओसरी बोलू लागली.

आणखी एक आजकालची गोष्ट. आता घर प्रत्यक्ष पाहण्याआधी मोबाईलवर पाहिले जाते. फोटो सकाळच्या उजेडात काढावेत, प्रत्येक खोलीचा एक आणि परसातल्या पाण्याचा एक. फोटोत घरची मंडळी उभी करू नयेत. पाहुणे येतील त्या वेळीही घरातले सारे नातेवाईक ओसरीवर बसवू नयेत. नाही तर गिऱ्हाइकाला आपण मुलगी पाहायला आलो आहोत की घर, तेच कळेनासे होते.

एवढे केल्यावर घर छान दिसू लागले. पण घर नुसते दिसून भागत नाही. कागद आणि भिंत या दोन गोष्टी राहिल्या होत्या आणि खरी परीक्षा तेथेच होती.

कागदांचे आधी सांगते. आमचे खरेदीखत निजामी अमलातले, उर्दूत लिहिलेले, आणि त्यात तालुका बोथ, जिल्हा आदिलाबाद! आदिलाबाद आज तेलंगणात. नव्या माणसाने तो कागद पाहिला तर त्याला वाटावयाचे की, ही मंडळी भलत्याच गावचे घर विकत आहेत. खरी हकीकत अशी की, इस्लापूर मंडळ तेव्हा हैदराबाद संस्थानच्या आदिलाबाद जिल्ह्यातील बोथ तालुक्यात होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा किनवट आणि राजुरा तालुक्यांबरोबर इस्लापूर मंडळही मुंबई राज्यात आले आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. आम्ही उर्दू जाणणाऱ्या एका वृद्ध वकिलांकडून खताचे मराठी भाषांतर करून घेतले आणि वर ही हकीकत चार ओळींत लिहून ठेवली. ज्यांची घरे जुन्या हैदराबाद राज्यातली आहेत, त्यांनी हे काम आधीच करावे. वाचता न येणारा कागद पाहून गिऱ्हाईक जितके बिचकते, तितके गळक्या छपराला बिचकत नाही.

ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा आणि कराच्या पावत्याही जोडाव्यात. मात्र हा उतारा कर-आकारणीचा असतो, एवढ्याने मालकी सिद्ध होत नाही, हे ध्यानात ठेवावे. २४ एप्रिल २०२० पासून सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ज्या गावठाणांची ड्रोनने मोजणी पुरी झाली आहे, तेथे मालमत्तापत्रक मिळते. ते असल्यास उत्तमच. किनवट तालुक्यात आदिवासींची वस्ती मोठी. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून घेता येत नाही, असा १९६६च्या जमीन महसूल संहितेचा निर्बंध आहे. त्यामुळे इकडचे जाणते गिऱ्हाईक जागा मुळात कोणाची, हे हटकून विचारते. त्याचे उत्तर कागदानिशी तयार असावे.

आणि वारस! वन्संचे लग्न होऊन पस्तीस वर्षे झाली. "त्यांच्याकडून हक्कसोड लिहून घेऊ म्हणजे झाले," असे घरात कोणी तरी म्हणालेच. पण १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या मालमत्तेत मुलीला वाटा दिला आणि २००५च्या दुरुस्तीने वडिलार्जित एकत्र मालमत्तेतही तिला मुलाच्या बरोबरीने बसविले. वन्सं खरेदीखतावर आल्या त्या विकणाऱ्यांपैकी एक म्हणून, आणि त्यांचा वाटा त्यांच्या खात्यात गेला. बहिणीची सही नसलेले घर कितीही रंगविले, तरी शहाणा माणूस ते घेत नाही.

आता भिंत. न्हाणीला लागून असलेली माजघराची पश्चिमेची भिंत पोट काढीत होती. बाहेरून न्हाणीचा आडोसा आणि आतून मोठे कपाट, त्यामुळे सहज दिसणारी नव्हती. दगडमातीच्या भिंतीत आतली आणि बाहेरची अशा दोन थरांची बांधणी असते. त्यांना सांधणारे आरपार दगड कमी असले आणि पाणी मुरून मधली माती वाहून गेली की, दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात आणि भिंत फुगते.

धाकटे भाऊजी म्हणाले, "वहिनी, कपाट आहे तिथेच राहू द्या. वरून चुना मारला की काम झालं. घेणाऱ्याने पाहून घ्यावं, आपण का नको म्हणतो?"

"भाऊजी, कपाटामागचं तो पाहणार कसं?" मी म्हणाले.

हा माझ्या मनाचाच प्रश्न होता असे नाही. कायदाही तेच विचारतो. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५वे कलम असे सांगते की, मालमत्तेतला जो मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडण्याजोगा नाही, तो विकणाऱ्याने उघड केला पाहिजे. पण कलमाने भाऊजींचे समाधान झाले नाही. भाव पडेल, ही त्यांची भीती काही खोटी नव्हती. मुलीच्या शिक्षणासाठी त्यांना त्या पैशांची गरज होती.

गोष्ट मिटविली ती सासूबाईंनी. त्या फोनवर म्हणाल्या, "त्या भिंतीला लागून उद्या त्यांचं लेकरू निजेल. किल्लारी विसरलात का?"

३० सप्टेंबर १९९३ची ती पहाट मराठवाड्यात कोण विसरेल? गणपती विसर्जन करून निजलेली हजारो माणसे दगडमातीच्या भिंती आणि माळवदांखाली गाडली गेली. तेव्हापासून जाड भिंत म्हणजे उन्हाळ्यात गारवा, एवढाच अर्थ इकडे उरलेला नाही. भाऊजी पुढे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कपाट त्यांनीच ओढून बाजूला केले.

आम्ही गवंड्याला बोलावून भिंत दाखविली. फुगलेला भाग उतरवून, आरपार बंध घालून पुन्हा बांधावयाचा आणि न्हाणीचे पाणी दूर काढून द्यावयाचे, असा त्याने उपाय सांगितला. खर्चाचा अंदाज त्याच्याकडून कागदावर लिहून घेतला. पुढे जे कुटुंब घर पाहावयास आले, त्यांना ओसरी आणि आड दाखविण्याच्या आधी ती भिंत दाखविली आणि तो कागद हातात दिला.

ते गुरुजी, त्यांची पत्नीही शिक्षिका, बरोबर वृद्ध आई आणि दोन मुले. गुरुजी भिंतीपाशी बराच वेळ उभे राहिले. बाईंनी आडाचे पाणी ओंजळीत घेऊन चाखले, उन्हाळ्यात आटते का विचारले. आम्ही सांगितले, वैशाखात तळ गाठतो, पण आजवर कोरडा पडलेला नाही. आजींनी मात्र निर्णय जागच्या जागी दिला. "भिंत आपणहून दावली ते बरं केलंत माय. आता बाकीच्या घराचं खरं वाटतंय."

भिंतीचा खर्च किमतीतून वजा झाला. त्यापलीकडे त्यांनी घासाघीस केली नाही. घर बाईंच्या नावे घेतले; स्त्रीच्या नावे राहते घर घेतल्यास मुद्रांकशुल्कात एक टक्क्याची सवलत महाराष्ट्र सरकारने १ एप्रिल २०२१ पासून दिली आहे, हे त्यांना जाऊबाईंनी सांगितले. विकणाऱ्याने घेणाऱ्याच्या फायद्याची एखादी गोष्ट आपणहून सांगितली, तर व्यवहाराला गोडी येते. पावसाळ्याआधी त्यांनी भिंत बांधून घेतली आणि मगच ते राहावयास गेले.

तेव्हा वाचकहो, घर विकावयाचे असेल तर ते अवश्य सजवा. रिकामे करा, उन्हे खेळवा, शाकारा, चुना द्या, खांब पुसा. घराचे जे चांगले आहे ते वर आणण्यासाठी हात राखू नका. मात्र सजावट कोठे थांबवावयाची याची खूणगाठ बांधून ठेवा: ज्या जागी चुना लावताना मनात 'हे त्यांना दिसू नये' असे येईल, तेथे कुंचला खाली ठेवा आणि गवंड्याला बोलवा. आणि ज्यांना घर विकावयाचे नाही, त्यांनीही या दिवाळीत एक दिवस गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी आपल्याच घरातून हिंडून पाहावे. कपाटे थोडी पुढे ओढून मागच्या भिंतीही पाहाव्यात.