जिवंत चेहऱ्यापुढें

चित्रकलेची आवड असलेले विद्यार्थी प्रत्येक शाळेंत आढळतात. त्यांच्या वह्या उघडून पाहाव्या, तर थोर पुरुषांचे व नटनट्यांचे चेहरे त्यांत हुबेहूब उतरलेले दिसतात. छायाचित्रावर चौकटी आखावयाच्या, तितक्याच चौकटी कागदावर पाडावयाच्या आणि एकेक घर भरीत जावयाचें, ही त्यांची रीत. परंतु याच विद्यार्थ्यास, वर्गांतील एखाद्या सोबत्याला समोर बसवून त्याचा चेहरा काढ, असें सांगितलें कीं त्याचा हात आखडतो. "मला तें जमणार नाहीं," हेंच बहुधा त्याचें उत्तर असतें. ही भीति कोठून येते व ती कशी जावी, याविषयीं आम्ही दोन शब्द लिहूं इच्छितों.

छायाचित्र हें अत्यंत सोशिक मॉडेल आहे. तें हलत नाहीं, कंटाळत नाहीं, आणि मुख्य म्हणजे आपल्याकडे पाहत नाहीं. जिवंत माणूस या तिन्ही गोष्टी करतो. पांच मिनिटांत त्याची मान किंचित् कलते, गाल सैल पडतात, डोळ्यांतील भाव पालटतो, आणि बैठक संपण्यापूर्वींच तो उठून "कोठवर आलें?" असें विचारतो. तेव्हां नवशिक्याचें भय हें रेघेचें कमी व त्या नजरेचें अधिक असतें. छायाचित्राच्या शंभर नकला केल्या तरी हें भय जात नाहीं. तें केवळ झांकलें जातें.

आम्ही छायाचित्राची निंदा करीत नाहीं. परंतु कोणती छटा ठेवावी, कोणती सोडावी, चेहरा कोणत्या क्षणीं पकडावा, हे सारे निर्णय कॅमेऱ्यानें आधींच घेतलेले असतात. जिवंत माणसापुढें ते आपले आपणांस घ्यावे लागतात, आणि आत्मविश्वास म्हणजे तरी काय? चुकण्याची शक्यता असतांहि निर्णय घेण्याची संवय, हेंच त्याचें दुसरें नांव. पुष्कळांची अशी समजूत असते, कीं आधीं आत्मविश्वास येतो व मग माणूस कामास बसतो. आमच्या मतें क्रम नेमका उलट आहे.

थोर चित्रकारांचींच उदाहरणें पाहा. फ्रेंच चित्रकार सेझान यानें १८९९ सालीं व्होलार नांवाच्या चित्रविक्रेत्याचें व्यक्तिचित्र काढावयास घेतलें. व्होलारनेंच लिहून ठेविलें आहे, कीं त्यासाठीं आपण ११५ बैठका दिल्या, आणि एवढें करून चित्रकारास समाधान वाटलें तें केवळ सदऱ्याच्या पुढील भागाविषयीं! ज्यास आपण सिद्धहस्त म्हणतों त्याचीहि ही स्थिति. त्याचें धैर्य निर्दोष रेघेंत नव्हतें. दुसऱ्या दिवशीं पुन्हां त्याच चेहऱ्यापुढें उभें राहण्यांत होतें.

आपल्याकडील दाखले अधिक जवळचे आहेत. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंतून पुढें आलेले गोमंतकीय चित्रकार आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांनीं आपल्या पत्नीचीं चित्रें वारंवार काढलीं. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचें हातांत दिवा घेतलेल्या स्त्रीचें जलरंगांतील चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत आहे; पुष्कळ लोक तें रविवर्म्याचेंच समजत आले. त्या चित्रासाठीं दिवा धरून उभी राहिली ती हळदणकरांची स्वतःची कन्या. मॉडेल शोधण्यास दूर जावें लागत नाहीं, हा यांतील बोध.

तर आरंभ कोठें करावा? प्रथम आरशापुढें. रेंब्रांटनें स्वतःचीं चाळिसाच्या आसपास तैलचित्रें रंगविलीं. आरशांतील मॉडेल वेळ मागत नाहीं व रुसतहि नाहीं. त्यानंतर घरांतील आजोबा, मावशी, भावंडें. त्यांस खिडकीजवळ असें बसवावें, कीं उजेड एकाच बाजूनें येईल. खुर्चीच्या पायांभोंवतीं खडूनें खुणा कराव्या, म्हणजे विश्रांतीनंतर बैठक पूर्ववत् जमते. वीस मिनिटें काम व पांच मिनिटें विसांवा, हें प्रमाण दोघांसहि सोसतें. पापण्यांपासून आरंभ करूं नये. डोळे अर्धवट मिटून प्रकाश व छाया यांचे दोनच मोठे भाग आधीं मांडावे. डोळे मस्तकाच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. नवशिका ते फार वर चढवितो, एवढें ध्यानांत ठेविलें तरी अर्धी चूक टळते. ठरलेली वेळ संपतांच कोळसा खालीं ठेवावा, कागदावर तारीख घालावी व तो फाडूं नये. दहावा कागद पहिल्याशेजारीं ठेवून पाहावा. त्या वेळीं जो धीर येतो, तो कोणाच्या शाबासकीनें येत नाहीं.

आतां शाळांविषयीं. सरकारी एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिति व अक्षरलेखन हे विषय असतात. ते सर्व उपयुक्तच आहेत. परंतु त्या दोन्ही परीक्षा उत्तम श्रेणींत उत्तीर्ण होऊनहि विद्यार्थी एकदांहि जिवंत माणसापुढें बसलेला नसतो, हें उणें राहतेंच. महिन्यांतून एक तास वर्गानें आळीपाळीनें एकमेकांस बैठक द्यावी, अशी आमची सूचना आहे. यास खर्च तो काय? एक खुर्ची, एक खिडकी आणि कोळशाचा तुकडा. कोणी म्हणेल, मुलें एकमेकांचीं चित्रें पाहून हंसतील. पहिल्या तासाला अवश्य हंसतील. परंतु जो आज हंसतो त्यालाच उद्यां त्या खुर्चींत बसावयाचें असतें, हें कळलें कीं हंसणें आपोआप ओसरतें.

कधीं शाळेच्या शिपाईमामांस, कधीं बागेंतील माळीबुवांस त्यांच्या सवडीनें त्या खुर्चीवर सन्मानानें बसवावें. ज्यांच्यावरून आपण रोज घाईनें निघून जातों, त्यांच्या कपाळावरील आठी व ओठांची ठेवण तासभर न्याहाळल्यावर ते पुन्हां परके राहत नाहींत. चित्र साधो वा न साधो, हा लाभ ठरलेलाच आहे.

म्हणून, विद्यार्थी बंधुभगिनींनो, हात पुरता तयार होण्याची वाट पाहूं नका. येत्या सुट्टींत घरांतील एकेका वडील माणसास वीस मिनिटें बसण्याची विनंति करा. तीं बहुधा आनंदानें बसतील. कारण आपल्याकडे कोणी इतका वेळ लक्ष देऊन पाहावें, असें भाग्य त्यांच्याहि वांट्यास क्वचितच येतें.