झाडाला थोडी तहान लागू द्या

मागच्या एप्रिलमध्ये मला पुण्याहून एका बंगल्याच्या मालकांचा फोन आला. "चाळीस मोगरे लावलेत आपण. चाळीस! एकाला फूल नाही. तू दिवसभर करतोस काय तिथं?" मी काही बोलायच्या आत साहेबांनी निकालही देऊन टाकला. त्या महिन्याच्या पगारातले दोन हजार कापले. फुलं आली की देतो म्हणाले.

मी काय करतो ते सांगतो. तोरण्याच्या पायथ्याला आमचं गाव. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण एसटीत बसलं की आम्ही अजून वेल्ह्याचंच तिकीट मागतो. बी.ए. केलं, दोन वर्षं पुण्यात पार्सलं पोचवली, कंटाळून परत आलो आणि बंगल्यांच्या बागा सांभाळायला लागलो. सध्या सहा बंगले आहेत. चार आमच्या खोऱ्यात, दोन भोरकडं, भाटघरच्या पाण्याकाठी. सातारा रस्ता सोडून नसरापूरला आत वळलात की एन.ए. प्लॉटचे जे बोर्ड सुरू होतात, त्या बोर्डांवर माझं घर चालतं. त्यामुळं पुढं जे लिहिलंय ते बाहेरून दगड मारणाऱ्याचं नाही. त्या चाळीस मोगऱ्यांच्या बुडात युरिया मीच टाकला होता.

दोन हजारांचा राग आहेच. पण त्याहून जास्त राग त्या प्रश्नाचा आहे. झाड फुलत नाही म्हटलं की आपण विचारतो, याला अजून काय घालू? तुमच्या फोनवर आत्ता 'मोगरा फूल' एवढं टाकून बघा. ताक घाला, केळीच्या सालीचं पाणी घाला, हिंग घाला, एप्सम सॉल्टचा एक चमचा घाला आणि बघा चमत्कार. पन्नास रील सापडतील आणि प्रत्येकात कुणीतरी काहीतरी घालत असतं. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. मातीत मॅग्नेशियम कमी असेल तर त्याचा उपयोग होतो, नसेल तर तो चमचा वाया. पण 'काही घालू नका, थांबा' असं सांगणारी रील कोण बघणार? माझं म्हणणं एवढंच आहे की बागेतली बहुतेक झाडं उपाशी राहून फुलायची थांबलेली नसतात. त्यांना जास्त झालेलं असतं. पाणी जास्त, खत जास्त, उजेड जास्त आणि आपली घाई सगळ्यांत जास्त.

त्या चाळीस मोगऱ्यांचंच घ्या. कंपाउंडच्या भिंतीलगत, घराच्या उत्तरेला लावलेले. हिवाळ्यात तिथं भिंतीची आणि घराची सावली हटत नाही. मोगऱ्याला दिवसाचं निदान पाच-सहा तास ऊन लागतं. जागा पुण्यातल्या ड्रॉइंगवर ठरली, त्या कागदावर सूर्य नव्हता. मग पानं जरा फिकी दिसली म्हणून युरियाचं पोतं आलं. युरियात ४६ टक्के नत्र असतं. नत्रानं पाला वाढतो, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल, कारण आम्ही भातवाले. इंद्रायणीला युरिया जास्त झाला की भात काळंभोर दिसतं, रस्त्यावरनं जाणारा थांबून फोटो काढतो आणि एक वारा आला की सगळं लोळतं. मोगऱ्याचं तसंच झालं. पानं तळहाताएवढी, फांद्या कंपाउंडच्या वर, कळीचा पत्ता नाही. साहेब सुट्टीला आले की म्हणायचे, "वा, काय हिरवंगार केलंयस!" हिरवंगार हीच तर तक्रार होती, पण ती झाडाची होती, म्हणून कुणाला ऐकू आली नाही. मलाही नाही. पगार हिरव्याचा मिळत होता.

आणि पाणी. ठिबकला टायमर. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं, बाराही महिने. डिसेंबर-जानेवारीत मोगऱ्याला विश्रांती लागते. तेव्हा त्याचं पाणी तोडायचं, जून झालेली पानं झडू द्यायची, जानेवारीत छाटायचं आणि मग शेणखत घालून पाणी सोडायचं. मोगरा नव्या फुटीवर फुलतो. जुन्या फांद्या तशाच ठेवल्या आणि पाणी कधी थांबवलंच नाही, तर नवी फूट कमी आणि फुलंही कमी.

आमच्या घरी पडवीच्या कोपऱ्यात आईचा एक मोगरा आहे. त्याला आयुष्यात युरिया मिळालेला नाही. थंडीत आई त्याच्याकडं बघतसुद्धा नाही. मी लहानपणी एकदा तांब्या घेऊन गेलो तर ओरडली होती, "संक्रांतीपतुर त्याला पानी दावायचं न्हाई!" छाटणी कोण करतं? दोन वर्षांपूर्वी शेळी सुटली आणि तिनं तो बुडापर्यंत खाल्ला. आईनं शेळीला चार शिव्या दिल्या. चैत्रात त्याच मोगऱ्यानं रोज ओंजळभर फुलं दिली. चाळीस झाडं, टायमर, ड्रॉइंग आणि माझी बी.ए. एका बाजूला, एक भुकेली शेळी दुसऱ्या बाजूला. शेळी जिंकली.

इथवर बागकाम झालं. आता भांडण.

आईनं मोगऱ्याचं पाणी तोडलं ते शहाणपणानं, हे खरं. पण आमच्या वरच्या वाडीवर एप्रिल-मे मध्ये पाणी तुटतं ते कुणाच्या शहाणपणानं नाही. या दोन तालुक्यांत धरणं किती आहेत मोजा. पानशेत, वरसगाव, गुंजवणी, भाटघर, नीरा देवघर. पानशेत-वरसगावचं पाणी खडकवासल्यातून पुण्याला जातं. भाटघरचं धरण १९२८ सालचं. त्याचं पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती-फलटणच्या उसाला जातं. पावसाळ्यात इथं छत्री टिकत नाही आणि उन्हाळ्यात वरच्या वाड्यावस्त्यांवर बाया टँकरची वाट बघत हंडे मांडून बसतात. आणि खाली मी, महिना अमुक हजारांवर, बोअरच्या पाण्यानं डिसेंबरात अशा झाडाला भिजवतोय ज्याला त्या महिन्यात पाणी नकोच आहे. बोअर मेमध्ये आटतो तेव्हा साहेब टँकर मागवतात. टँकर एकाच रस्त्यानं येतात, फक्त एक वर जातो आणि एक गेटच्या आत वळतो. मोगरा का फुलत नाही याचं उत्तर मातीत शोधणाऱ्यांनी हेही एकदा बघावं.

मग उजेड. दुसऱ्या एका बंगल्यात, भाटघरकडं, मालकीणबाईंना मार्गशीर्षातल्या गुरुवारांसाठी घरची शेवंती हवी होती. गेटजवळ दोन ओळी लावल्या. रोपं गुडघ्यापर्यंत आली, मार्गशीर्ष संपला, कळी नाही. दोष आधी रोपांना गेला, मग मला. खरा दोष वर खांबावर होता. गेटवरचा एलईडीचा झोत संध्याकाळी लागायचा तो सकाळीच बंद व्हायचा. शेवंती रात्र मोजते. पावसाळ्यानंतर रात्री मोठ्या व्हायला लागल्या की ती कळी धरते. मधेच उजेड पडला तर तिच्या हिशेबी रात्र लहानच राहते. १९२० साली गार्नर आणि अॅलार्ड या अमेरिकेच्या शेतीखात्यातल्या दोघांनी हे तंबाखूवर दाखवून दिलं. तंबाखूचा एक वाण उन्हाळ्यात वाढतच जायचा, फुलायचाच नाही. त्यांनी झाडं रोज लवकर अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवली आणि ती भर उन्हाळ्यात फुलली. त्यांनी खत बदललं नव्हतं, फक्त रात्र वाढवली होती. फुलांचे शेतकरी हेच ज्ञान उलटं वापरतात. शेवंती उशिरा फुलवायची असेल तर रात्री शेतात दिवे लावतात.

म्हणजे जे शेतकरी मुद्दाम करतो ते आम्ही न कळत केलं होतं. मी बाईंना म्हटलं, दिवा रात्री बंद ठेवू. त्या म्हणाल्या, "अंधाराची भीती वाटते रे." त्यांचं खोटं नाही, एकटं घर असतं. मग दिव्याला वरून टोपी बसवली, झोत फक्त पायरीवर पाडला आणि शेवंती मागच्या बाजूला हलवली. पुढच्या वर्षी फुलली. एवढं सोपं होतं. पण सगळ्या उतारांवर सगळे झोत रात्रभर चालू राहतात त्याचं काय? पावसाच्या तोंडावर आमच्याकडं झाडंच्या झाडं काजव्यांनी लुकलुकतात. काजवा जोडीदाराला हाक मारतो ती उजेडानं. जिथं फ्लडलाइट आहे तिथं त्याची हाक कुणाला दिसणार? आणि गंमत बघा, काजवे बघायला तिकीट काढून येणारे आणि झोत लावणारे बऱ्याचदा एकाच सोसायटीतले असतात.

सगळ्यांत शेवटी घाई. पहिल्या साहेबांच्या प्लॉटमागं डोंगराचा उतार आहे, त्यावर कारवी. मोगऱ्याचं भांडण चालू असतानाच ते म्हणाले, "ती मागची झुडपं पण काढून टाकू. पाच वर्षं बघतोय, कधी एक फूल नाही."

कारवी दरवर्षी फुलत नाही. सात-आठ वर्षं नुसती उभी राहते, मग एका पावसाळ्याच्या शेवटी सगळा उतार एकदम जांभळा होतो. त्यानंतर ती बी धरते आणि मरते. वाळलेली बोंडं तडकतात, बी उडतं आणि पावसाबरोबर नवी पिढी उगवते. प्रत्येक डोंगराचं वर्ष वेगळं. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८ ला आणि मग २०१६ ला फुलली. तिची दक्षिणेकडची बहीण नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलते, २००६ नंतर थेट २०१८ ला. आयुष्यात एकदाच बी धरणारं झाड पाचव्या वर्षी तोडलं, तर त्या उतारावर पुढची कारवी कुठून येणार?

आमच्या जुन्या गोठ्याच्या भिंती कारवीच्या काठ्यांचा कूड घालून, वर शेणमाती लिंपून केल्या होत्या. कारवी फुललेल्या वर्षी मधही भरपूर मिळायचा. आजी वर्षं कारवीत मोजायची. म्हणायची, "तुझा बा झाला आन् त्याच साली कारवी फुलली व्हती." आमच्या माणसांनी या झाडाला 'फुलत नाही' असं कधी म्हटलं नाही. त्यांना माहीत होतं, अजून वेळ झालेली नाही.

मी साहेबांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, फोटो दाखव म्हणाले, फोटो आवडला. पुढच्या आठवड्यात जेसीबी आला. बरं, जेसीबी आमच्याच गावातल्या पोराचा. त्याचे हप्ते चालू आहेत. जमीनही आमच्याच भावकीतल्या एकानं विकलेली. म्हणून मी नुसतं 'शहरवाल्यांनी डोंगर खाल्ला' म्हणून मोकळा होणार नाही. विकणारे आम्ही, खोदणारे आम्ही, युरिया टाकणारा मी. पण ज्याच्या हातात पैसा आहे त्याच्याच हातात घाई करायची की नाही हेही असतं. ती निवड मला नाही, जेसीबीवाल्यालाही नाही.

कुणी म्हणेल, अरे, विकतची बाग आहे, मालकाला फुलं हवीत, यात एवढं काय? पैसे देऊन फुलं जरूर मिळतात. त्याच साहेबांनी जूनमध्ये चाळीसही मोगरे उपटायला लावले आणि तिथं नर्सरीतून फुललेल्याच कुंड्या आणून मांडल्या. फुलं संपली की कुंडी परत, नवी आणायची. आता त्या बागेत काहीच फुलायचं राहत नाही, कारण काहीच वाढत नाही. मला कामही कमी झालं, पगारही कमी.

आणि हो, काही झाडं खरंच आजारी असतात. जास्वंदीच्या कळ्या गळत असतील तर आधी पिठ्या ढेकूण बघा. कुंडीत मुळ्या गच्च झाल्या असतील तर कुंडी बदला. बियांपासून केलेला सोनचाफा कलमासारखा दुसऱ्या वर्षी फुलणार नाही, त्याला वर्षं द्यावी लागतील. तोंडावर सगळ्यांना एकच औषध मी सांगत नाही. पण काही घालायच्या आधी एकदा मोजा: ऊन किती तास, रात्री उजेड किती, पाणी कधी थांबतं, छाटलं कधी.

उपटलेल्या मोगऱ्यांपैकी आठ मी सायकलला बांधून घरी आणले आणि बांधावर उन्हात लावले. डिसेंबरात पाणी तोडलं. पानं पिवळी पडली तेव्हा माझाच हात शिवशिवत होता, दोनदा बादली उचलून परत ठेवली. संक्रांतीनंतर छाटले, शेणखत घातलं, पाणी सोडलं. सहा फुलले. दोन मेले, ते उपटताना मुळं तुटली होती.

तुमच्या गॅलरीत मोगरा असेल तर डिसेंबरात पाणी कमी करा. कुंडीतली माती अगदी कोरडी ठणठणीत करू नका, अधूनमधून भांडंभर द्या. जानेवारीत निर्दयपणे छाटा. मग शेणखत, ऊन आणि वाट बघणं. आणि एप्रिलच्या आधी मला फोन करू नका.

दोन हजार अजून यायचे आहेत. साहेबांना सहा मोगऱ्यांचा फोटो पाठवला होता. त्यांनी अंगठा दाखवला.