सेकंड इनिंग आणि आईचा व्हिसा

परवा रविवारी इथे शेफील्डला नेहमीसारखा पाऊस लागला होता. आई मिरजेहून आलेली, सहा महिन्यांतले चार संपलेले. बाहेर पडायचं रद्द झालं, तेव्हा पोह्यांच्या बश्या घेऊन बसलो आणि 'द सेकंड बेस्ट एक्झॉटिक मॅरिगोल्ड हॉटेल' लावला. (पोहे मी केले होते, त्यामुळे कोरडे ठाक. आईने न बोलता वरून दही घेतलं.)

ज्यांनी हा चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पहिला भाग 2012 चा, दिग्दर्शक जॉन मॅडन. डेबोरा मोगाक यांच्या 2004 मधल्या कादंबरीवर आधारलेला. इंग्लंडमधली सात निवृत्त माणसं जयपूरच्या एका मोडकळीला आलेल्या हॉटेलात राहायला येतात. एका जोडप्याची पुंजी मुलीच्या इंटरनेट कंपनीत अडकलीय, एकीला खुब्याच्या ऑपरेशनसाठी रांगेत थांबायचं नाही, एकीच्या नवऱ्याने मागे नुसतं कर्ज ठेवलंय. 2015 च्या दुसऱ्या भागात ही मंडळी तिथे रुळली आहेत. जूडी डेंच कापड खरेदीच्या धंद्यात पडली आहे. बिल नाय पर्यटकांचा गाइड झालाय, पण त्याला काही आठवत नाही, म्हणून एक पोरगा त्याच्या कानातल्या यंत्रात माहिती सांगत असतो. मॅगी स्मिथ आणि हॉटेलचा तरुण मालक सनी (देव पटेल) दुसऱ्या हॉटेलसाठी भांडवल मागायला थेट अमेरिकेत जातात.

चित्रपट म्हणून सांगायचं तर पहिल्यापेक्षा दुसरा सैल आहे. उपकथानकं फार, आणि भारत म्हणजे रंग, गर्दी आणि लग्नातला नाच. पण मला वेगळंच काहीतरी खुपत होतं. ही मंडळी नक्की कोणत्या व्हिसावर राहतात? भारतात निवृत्तांसाठी वेगळा व्हिसा नाही. शिवाय ब्रिटनचं सरकारी पेन्शन भारतात राहणाऱ्याला मिळतं, पण दरवर्षीची वाढ मिळत नाही. अमेरिकेत राहायला गेलात तर मिळते, भारतात गेलात तर रक्कम आहे तिथेच गोठते. म्हणजे जयपूरला दहा वर्षं काढली की हिशेब पार बिघडणार. पडद्यावर हे कुणी बोलत नाही, आणि विनोदी चित्रपटात बोलावं अशी अपेक्षाही नाही.

आता उलटा प्रवास बघू. पहिला भाग इथल्या थिएटरात लागला फेब्रुवारी 2012 मध्ये. त्याच वर्षी 9 जुलैला इथल्या सरकारने परदेशातल्या अवलंबून असलेल्या आई-वडिलांना कायमचं आणण्याचे नियम बदलले. आधी पासष्टीपुढच्या, मुलांच्या पैशावर जगणाऱ्या आई-वडिलांसाठी वाट होती. आता काय हवं? वय, आजार किंवा अपंगत्वामुळे अंघोळ, कपडे, स्वयंपाक अशा रोजच्या कामांना दीर्घकाळ दुसऱ्याचा हात लागला पाहिजे. आणि मुलाने पैसे पाठवूनही ती मदत मायदेशात मिळत नाही हे सिद्ध केलं पाहिजे. अर्जाची फी तीन हजार पौंडांहून जास्त. 2017 मध्ये अपील न्यायालयानेही हे नियम कायदेशीर ठरवले.

आमच्या भाषेत सांगायचं तर आई जोवर स्वतःच्या हाताने भाकरी थापते तोवर ती इथे राहू शकत नाही. आणि ज्या दिवशी थापता येणार नाही, त्या दिवशी मिरजेत सांभाळायला बाई मिळत नाही हे मी पटवून द्यायचं. मिरजेत! जिथे आजूबाजूच्या जिल्ह्यांतले पेशंट उपचाराला येतात! तोवर सहा महिन्यांची पाहुणी म्हणून यायचं आणि मुदत संपायच्या आत परत जायचं.

सरकारची बाजू मला कळत नाही असं नाही. म्हातारपणी दवाखाना लागतो आणि इथली आरोग्यसेवा करातून चालते. पण त्यालाही उपाय आहेत. कॅनडाने 2011 मध्ये आई-वडिलांसाठी 'सुपर व्हिसा' काढला. मुलांचं उत्पन्न ठराविक पातळीच्या वर हवं, खाजगी आरोग्य विमा हवा. 2022 पासून त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. नागरिकत्व नाही, भत्ते नाहीत, सरकारी तिजोरीवर भारही नाही. ब्रिटनने एवढं जरी केलं तरी आमच्यासारख्या हजारो घरांचा प्रश्न सुटेल. हे माझं ठाम मत आहे आणि ते मी इथल्या खासदारांना पत्र लिहून कळवलंही आहे.

इथवर लिहून थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण त्या रविवारी चित्रपट संपता संपता आईने विचारलं, "काय रे, ह्या बायकांनी भारतात यायचं ठरवलं तेव्हा मुलांची परवानगी घेतली होती का?"

मी म्हटलं, "त्या कशाला घेतील?"

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली आणि बश्या उचलून आत गेली.

आता कबुली देतो. बाबा गेल्यावर मी एक एक्सेल शीट केली होती. वकिलाचा खर्च, विमा, मिरजेचं घर विकून येणारे पैसे, इथे खालच्या मजल्यावरची खोली. पीएच.डी. केलेला माणूस, सगळे पर्याय रंगवून ठेवले होते. मागच्या वर्षी ती शीट आईला अभिमानाने दाखवली. तिने चष्मा लावून नीट वाचली आणि एवढंच म्हणाली, "ह्यात मी कुठे काय म्हटलंय?"

आपल्याकडे हा विषय निघाला की जयवंत दळवींचं 'संध्याछाया' आठवतं. मुलगा अमेरिकेत, आई-वडील वाट बघतायत. नाटक मोठंच आहे, पण आपण सगळ्यांनी म्हातारपणाचं ते एकच चित्र डोक्यात पक्कं करून घेतलंय. म्हातारी माणसं वाट बघतात, निर्णय मुलं घेतात. एक तर 'टाकून गेला', नाहीतर 'घेऊन गेला'. दोन्ही वाक्यांत आई-वडील सामानासारखे. मॅरिगोल्ड हॉटेलमधल्या म्हाताऱ्यांचा भारत खोटा असेल, पण ते स्वतःच्या पायांनी तिथे आलेत.

आणि एक गंमत बघा. दुसऱ्या भागात नव्याने सुरुवात करणारी एक भारतीय बाईही आहे. सनीची विधवा आई, लिलेट दुबे. रिचर्ड गिअर तिच्या मागे लागतो. तिचा नवा डाव तिच्या स्वतःच्याच देशात रंगतो. पण पात्रांच्या यादीत ती नुसती 'मिसेस कपूर', तिला स्वतःचं नाव नाही! आईलाच ते आधी खटकलं.

आई अडुसष्ट वर्षांची आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर गल्लीतल्या दहावीच्या मुलींचं गणित घेते. गेल्या वर्षापासून सतार शिकतेय. मिरजेत सतारी बनतात हे जगाला माहीत, पण चाळीस वर्षं तिथे राहून तिने कधी हात लावला नव्हता. शिकवणारा मुलगा चोवीस वर्षांचा आहे, तो रागावतो म्हणे. माझ्या शीटमध्ये हे कुठेच नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

म्हणून आता दोन गोष्टी एकदम म्हणतो. दार उघडं असायला हवं, त्यासाठी भांडायलाही हवं. आजारपणात आईजवळ असता यावं, एवढी साधी मागणी आहे. पण दार उघडं आहे म्हणून कुणाला आत ओढून आणायचं नाही. परदेशातल्या माझ्या मित्रांनो, शीट करण्याआधी एक फोन करा. आणि तिकडच्या आई-वडिलांनो, तुम्हीही 'तुम्हाला बरं वाटेल ते' असं म्हणून गप्प बसू नका.

असो. आई पुढच्या महिन्याच्या शेवटी परत जातेय. काल बॅग भरताना मी न राहवून म्हटलं, "नियम बदलले तर राहशील का गं?"

"बघू," ती म्हणाली. "तोवर तू म्हातारा झालास तर मिरजेला ये. माझ्याकडे व्हिसा लागत नाही."