निळा रंग महाग का पडतो?

दिल्लीला गेलेला मराठी प्रवासी कधी ना कधी कस्तुरबा गांधी मार्गावर येतोच. कॅनॉट प्लेसहून इंडिया गेटकडे जाणारा हा रस्ता म्हणजे पूर्वीचा कर्झन रोड. नवे महाराष्ट्र सदन २०१३ मध्ये याच मार्गावर सुरू झाले. राजधानीतले रस्ते ज्यांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी रात्री पाहिले असतील, त्यांना तिथला पिवळा उजेड आठवेल. सोडियमच्या त्या दिव्याखाली हिरवी साडी कोणती आणि निळी कोणती, हे सांगणे कठीण असे. २०१५ मध्ये केंद्र सरकारने रस्त्यांवरचे दिवे बदलण्याची योजना हाती घेतली आणि त्यानंतर नवी दिल्लीतही पांढरे एलईडी लागले.

दिवा बदलला, वीज वाचली, एवढ्यावर बहुतेक जण थांबतात. खरी गंमत पुढेच आहे. लाल एलईडी १९६२ मध्येच तयार झाला होता. मग पांढरा उजेड देणारा एलईडी यायला आणखी तीसएक वर्षे का लागली? कारण पांढऱ्यासाठी आधी निळा हवा होता आणि निळा रंग महाग पडतो. रुपयांत नव्हे, व्होल्टमध्ये!

प्रकाश नळाच्या धारेसारखा सलग येत नाही, तो सुट्या पुडक्यांत येतो, असे १९०५ मध्ये आइन्स्टाइनने मांडले. या पुडक्याला पुढे फोटॉन हे नाव मिळाले. पुडक्यात ऊर्जा किती, हे प्रकाशाच्या तरंगलांबीवर ठरते. तरंग जितका आखूड, तितकी ऊर्जा जास्त. बारावीची मुले नेमके इथेच उलटे लिहून येतात.

एका फोटॉनची ऊर्जा जूलमध्ये मोजणे म्हणजे वखारीतल्या लाकडाच्या काट्यावर मोहरीचा दाणा तोलणे. म्हणून शास्त्रज्ञांनी छोटे माप घेतले, इलेक्ट्रॉन व्होल्ट. एका व्होल्टच्या दाबाने ढकललेल्या एका इलेक्ट्रॉनला जेवढी ऊर्जा मिळते, तेवढी म्हणजे एक इलेक्ट्रॉन व्होल्ट. घड्याळातला पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो. त्याने ढकललेल्या इलेक्ट्रॉनजवळ दीड इलेक्ट्रॉन व्होल्ट येतात.

आता तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये घ्या (मीटरचा शंभर कोटीवा भाग म्हणजे एक नॅनोमीटर) आणि १२४० ला तिने भागा. उत्तर थेट इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये मिळते. प्लँकचा स्थिरांक आणि प्रकाशाचा वेग यांचा गुणाकार या मापांत १२४० येतो, एवढेच त्यातले रहस्य. परीक्षेत उणे चौतिसाव्या घाताशी झटापट करण्यापेक्षा हा आकडा पाठ केलेला बरा.

लाल प्रकाश ६५० नॅनोमीटरचा धरला तर १.९ आणि निळा ४५० चा धरला तर २.७५ इलेक्ट्रॉन व्होल्ट. सोडियमचा पिवळा रंग ५८९ नॅनोमीटरचा, म्हणजे २.१. हा पिवळा आपल्या स्वयंपाकघरातही भेटतो. मीठ घातलेले आमटीचे पाणी उतू जाऊन बर्नरवर पडले की निळी ज्योत क्षणात पिवळी होते. मिठातल्या सोडियमचीच ती करामत!

पुडक्यांची ऊर्जा कमी असेल तर ती कितीही मिळाली तरी काही कामे होतच नाहीत. कस्तुरबा गांधी मार्गावर हिंदुस्तान टाइम्स हाउस आहे. डिजिटल कॅमेरे येण्यापूर्वी वृत्तपत्रांच्या कार्यालयांत डार्करूम असे आणि तिथे कृष्णधवल फोटो धुताना लाल दिवा बिनदिक्कत लावला जाई. लाल प्रकाशाच्या फोटॉनमध्ये त्या छपाईच्या कागदावर परिणाम घडवण्याइतकी ऊर्जा नसते. निळ्या प्रकाशाची तिरीप आत आली, तर मात्र कागद वाया जाई.

एलईडीतही असाच हिशेब आहे. त्यातल्या स्फटिकात इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवरून खाली उतरतो आणि पायरी जितकी उंच, तितक्या ऊर्जेचा फोटॉन बाहेर पडतो. लालसाठी बुटकी पायरी चालते, निळ्यासाठी उंच लागते. ती गॅलियम नायट्राइडमध्ये मिळते, पण त्याचे निर्दोष स्फटिक काही केल्या तयार होईनात. इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी चिकाटीने ते साधले आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रखर निळा एलईडी हाती आला. २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. रस्त्यावरच्या पांढऱ्या एलईडीत आत निळाच प्रकाश निर्माण होतो. वरचा पिवळट लेप त्यातला काही भाग शोषून पिवळा प्रकाश देतो आणि दोन्ही मिसळून डोळ्याला पांढरे दिसते.

दिल्लीच्या थंडीत हीटरसमोर तासभर बसले तर अंग तापते. पण उन्हातल्या अतिनील किरणांनी त्वचा जशी होरपळते, तसे होत नाही. हीटरच्या बहुतेक फोटॉनमध्ये एक इलेक्ट्रॉन व्होल्टही नसतो, तर ३०० नॅनोमीटरच्या अतिनील फोटॉनमध्ये चारहून अधिक असतात. पेशींतल्या रेणूंना इजा करायला तेवढे पुरतात. म्हणून थंड हवेच्या ठिकाणी गारवा असला तरी लहान मुलांना टोपी घालावीच.

हा हिशेब घरी पडताळून पाहता येतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून एक लाल आणि एक निळा एलईडी आणा, सोबत शंभर ओहमचा रेझिस्टर. तो जोडल्याशिवाय एलईडी सेलला लावू नका, जळेल. लांब पाय सेलच्या अधिक टोकाकडे ठेवा. एका पेन्सिल सेलवर दोन्ही रुसून बसतील. दोन सेल एकापुढे एक जोडले की लाल झळकेल, निळा लागलाच तर मंद लागेल. तिसरा सेल जोडला की निळाही लख्ख उजळेल.