खिशातली खोती

५ एप्रिल २०२४ रोजी अ‍ॅपल ह्या अमेरिकन कंपनीने आपल्या अ‍ॅप स्टोअरच्या नियमावलीत एक किरकोळ दिसणारी दुरुस्ती केली. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या व्हिडिओ गेम यंत्रांची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्राम, ज्यांना एम्युलेटर म्हणतात, त्यांना जगभरच्या आयफोनवर त्या दिवसापासून प्रवेश मिळाला. १० जुलै २००८ रोजी उघडलेल्या ह्या दुकानात त्यापूर्वी जवळजवळ सोळा वर्षे त्यांना मज्जाव होता. मज्जाव करताना कोणत्याही देशाच्या विधिमंडळाला विचारले गेले नव्हते. तो उठवतानाही विचारले गेले नाही.

ही बातमी वाचून महाड-पोलादपूरकडच्या कार्यकर्त्याच्या कपाळावर आठी पडणे स्वाभाविक आहे. महाड औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगारांचे प्रश्न, वर्षानुवर्षे रखडलेला मुंबई-गोवा महामार्ग, दरडींच्या छायेत राहणाऱ्या वाड्यांचे पुनर्वसन हे सारे बाजूला ठेवून पोरांच्या खेळांची चर्चा पक्षाच्या साप्ताहिकाने का करावी, असा त्याचा सवाल असेल. सवाल रास्त आहे. परंतु ज्या मोबाइलवरून हा कार्यकर्ता मोर्चाचा निरोप धाडतो, त्याच मोबाइलमध्ये काय शिरावे आणि काय शिरू नये हे कोण ठरवतो, हा ह्या चर्चेचा गाभा आहे. खेळ हे केवळ निमित्त आहे, आणि ते निमित्तही वाटते तितके पोरकट नाही.

प्रथम वस्तू समजून घेतली पाहिजे. १९८०-९०च्या दशकांत दूरचित्रवाणी संचाला जोडायची खेळयंत्रे आली. त्यांत प्लास्टिकची एक डबी खुपसली की खेळ सुरू होई. आपल्याकडे निन्टेण्डो ह्या जपानी कंपनीच्या १९८३ सालच्या यंत्राच्या स्वस्त नकला पोहोचल्या आणि मारिओ व काँट्रा ही नावे मध्यमवर्गीय घरांत ओळखीची झाली. ती यंत्रे आज भंगारात गेली आहेत. एम्युलेटर हा प्रोग्राम मोबाइलला त्या जुन्या यंत्रासारखे वागायला शिकवतो. डबीतल्या मजकुराची प्रत त्याला पुरवली की खेळ पुन्हा उभा राहतो. १९८५ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ अवघ्या ४० किलोबाइटचा आहे. मोबाइलने काढलेल्या एका साध्या छायाचित्रात असे कितीतरी खेळ मावतील. तो खेळायला नवा फोन लागत नाही, महिन्याचे रिचार्ज लागत नाही, आणि पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीत रेंज गेली तरी त्याचे काही अडत नाही. जाहिरात दाखवत नाही, पैसे मागत नाही, खेळणाऱ्याची माहिती कोणाला विकत नाही, असा विरंगुळा आजच्या बाजारात दुर्मिळच म्हटला पाहिजे.

असल्या निरुपद्रवी वस्तूला सोळा वर्षे दार बंद होते, आणि त्याच काळात त्याच दुकानात पैशांच्या पैजेचे काल्पनिक क्रिकेट आणि रमी राजरोस नांदत होती. तरुणांचे पगार त्यांत बुडाले, घरे कर्जात गेली. अखेर संसदेला ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा करावा लागला व २२ ऑगस्टला त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. दुकानदाराच्या नीतिमत्तेची फूटपट्टी कोणत्या कारखान्यात तयार होते हे ह्यावरून कळते.

येथे कोकणच्या वाचकाला खोतीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. जुन्या कुलाबा जिल्ह्यात आणि रत्नागिरीत खोत हा जमिनीचा कसणारा नव्हता आणि खऱ्या अर्थाने सरकारही नव्हता. कूळ आणि सरकार ह्यांच्या मधल्या वाटेवर तो बसला होता. कुळाकडून अर्धेल किंवा तिर्धेल घ्यायचे, सरकारचा सारा भरायचा, आणि उरलेले घरात ठेवायचे. अर्थशास्त्रात ह्याला उत्पादनाचा मोबदला म्हणत नाहीत. हा निव्वळ खंड होय, मोक्याच्या जागेवरील ताब्याची ही वसुली. अ‍ॅप स्टोअरने पहिल्यापासून विक्रीच्या ३० टक्के वाटा ठरवला आणि गूगलच्या प्ले स्टोअरने तोच दर उचलला. टीका वाढल्यावर २०२१ मध्ये दोघांनीही लहान उत्पादकांसाठी तो १५ टक्क्यांवर आणला. तीस टक्के म्हणजे जवळजवळ तिर्धेलच. फरक इतकाच की खोताचे कूळ निदान खोताला तोंडाने ओळखत होते.

तुलना येथेच संपत नाही. खंड वसूल करणाऱ्याला वाटेवर नाका लागतो, आणि ज्याच्या हाती नाका त्याला कोणाला सोडायचे हेही ठरवता येते. एम्युलेटर फुकट असतात, त्यांच्यापासून वाटा मिळत नाही. शिवाय एका प्रोग्रामच्या पोटात शेकडो खेळ चालतात आणि त्या प्रत्येकावर नाकेदाराची नजर राहत नाही. नाकेदाराला हे रुचले नसेल तर नवल नाही. मग २०२४ मध्येच हे हृदयपरिवर्तन कसे झाले? युरोपीय संघाचा डिजिटल बाजारांविषयीचा कायदा ७ मार्च २०२४ पासून ह्या कंपन्यांना लागू झाला आणि युरोपात दुसरी दुकाने उघडू देणे अ‍ॅपलला भाग पडले. २१ मार्चला अमेरिकेच्या न्यायखात्याने मक्तेदारीविरोधी दावा दाखल केला. त्यानंतर पंधरवड्यातच नियम बदलला. रायली टेस्टट नावाच्या तरुणाने बनवलेला ‘डेल्टा’ हा एम्युलेटर १७ एप्रिलला अ‍ॅप स्टोअरवर आला, आणि त्याच दिवशी त्याचे स्वतःचे पर्यायी दुकान युरोपात उघडले. ह्या तारखा शेजारी शेजारी मांडल्यावर योगायोगाचे स्पष्टीकरण फार भोळे वाटते. दार आतून उघडले गेले खरे, पण बाहेरून धक्का बसल्यावर. तेही पुरते उघडलेले नाही: अधिक अलीकडच्या यंत्रांच्या नकलेला वेग येण्यासाठी जी तांत्रिक मुभा लागते ती अ‍ॅपल आजही आपल्या दुकानातल्या एम्युलेटरना देत नाही.

ह्यावर मालमत्तेच्या हक्काचा मुद्दा पुढे केला जातो. डबीतला खेळ ही कोणाची तरी निर्मिती आहे, तिची फुकट प्रत काढणे ही चोरी नव्हे काय? प्रश्न टाळण्यासारखा नाही, आणि श्रमाला मोल मागणाऱ्या पक्षाने तर तो मुळीच टाळू नये. कायद्यापुरते बोलायचे तर नक्कल करणारे यंत्र आणि नकललेला खेळ ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. सोनी कंपनीने कनेक्टिक्सवर लावलेल्या दाव्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २००० सालीच सांगितले की दुसऱ्याच्या यंत्राचा अभ्यास करून त्याच्यासारखे वागणारे यंत्र बनवणे गैर नाही. विक्रीत असलेल्या नव्या खेळाची चोरून प्रत वाटणे ही गोष्ट निराळी; तिचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु अमेरिकेतील व्हिडिओ गेम इतिहास प्रतिष्ठानच्या २०२३ सालच्या अभ्यासाप्रमाणे तेथे प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात मिळतच नाहीत. जे विकायचेच नाही ते जपूही द्यायचे नाही, हा हक्क मालमत्तेचा की विस्मृतीचा?

आणि ज्या श्रमाच्या नावाने हा हक्क गाजवला जातो, त्या श्रमिकांचे काय झाले? अटारी ही कंपनी आपल्या खेळांवर ते बनवणाऱ्यांची नावे छापत नसे. वॉरन रॉबिनेट ह्या प्रोग्रामरने १९७९च्या सुमारास ‘अ‍ॅडव्हेंचर’ हा खेळ एकट्याने लिहिला, आणि श्रेय मिळणार नाही हे ठाऊक असल्याने खेळातल्या एका गुप्त खोलीत स्वतःचे नाव लपवून ठेवले. त्याच वर्षी अटारीतून बाहेर पडलेल्या काही प्रोग्रामरांनी नाव आणि वाटा मिळावा म्हणून अ‍ॅक्टिव्हिजन ही स्वतःची कंपनी काढली. पगारी कारागिराचे नाव पुसायचे आणि चाळीस वर्षांनंतर त्याच्याच निर्मितीचे रक्षक म्हणून न्यायालयात उभे राहायचे, ही भांडवलाची जुनी रीत आहे. ती गुप्त खोली आज कोणाला पाहायची असेल तर बहुधा एम्युलेटरमध्येच पाहावी लागेल.

भारतीय कायदा ह्या बाबतीत बऱ्यापैकी उदार आहे, आणि हे कार्यकर्त्यांनी मुद्दाम माहीत करून घ्यावे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२, १९९४ व १९९९च्या दुरुस्त्यांनंतर, संगणक प्रोग्रामची कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला तिचा नाश होऊ नये म्हणून जादा प्रत काढू देते, तिच्या कार्यपद्धतीचा अभ्यास करू देते आणि दोन यंत्रणा परस्परांशी जुळवण्यासाठी लागणारी माहिती मिळवू देते. महाडच्या माणसाला ह्या तरतुदीचे मोल सांगावे लागू नये. २२ जुलै २०२१च्या रात्री सावित्री आणि गांधारीचे पाणी बाजारपेठेत शिरले, आणि तळियेला दरडीखाली ऐंशीहून अधिक जीव गेले. माणसांच्या त्या हानीपुढे वस्तूंचा हिशेब कोणी मांडू नये. पण घराघरांतल्या वह्या, छायाचित्रे, संगणक आणि कॅसेटी चिखलात गेल्या हेही तितकेच खरे. अशा गावात दुसरी प्रत दुसरीकडे ठेवणे ही चैन नव्हे.

कायदा प्रत काढू देतो, पण ती चालवणारा प्रोग्राम फोनमध्ये शिरू द्यायचा की नाही हे कंपनी ठरवते. येथे आपल्या राज्ययंत्रणेची वाटचाल पाहण्यासारखी आहे. २० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, आणि दुकानाबाहेरून थेट प्रोग्राम वाटण्याच्या उत्पादकांच्या मार्गात अडथळा आणू नये असा निर्देशही दिला. २९ मार्च २०२३ रोजी अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, परंतु हा निर्देश मात्र रद्द केला. प्ले स्टोअरच्या वसुलीपद्धतीबद्दल केलेला ९३६.४४ कोटींचा दुसरा दंड मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आला. दंड हा अशा कंपन्यांना धंद्याचा एक खर्च असतो. त्यांना खरी झोंबते ती वाट मोकळी करण्याची आज्ञा, आणि नेमकी तीच गळाली. त्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले की आपली ओळख कंपनीकडे नोंदवल्याखेरीज कोणाचाही प्रोग्राम प्रमाणित अँड्रॉइड फोनवर बाहेरूनही बसवता येणार नाही. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून करायची व २०२७ पासून इतरत्र जायचे, असे वेळापत्रकही दिले. बोभाटा झाल्यावर नोव्हेंबरात जाणकारांसाठी एक वेगळी वाट ठेवू असे आश्वासन आले. कारण सांगितले जाते फसवणुकीपासून संरक्षणाचे. फसवणूक होते हे खोटे नाही, आणि तिचे बळी गरीबच अधिक असतात. पण फसव्यांना पकडणे हे पोलिसांचे आणि न्यायालयांचे काम आहे. कोट्यवधी नागरिकांच्या वहिवाटीवर परवाना बसवण्याचा अधिकार त्यामुळे खासगी कंपनीकडे जात नाही.

ह्याचा फटका कोणाला बसेल? लोणेऱ्याच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात महाड-पोलादपूरची मुले शिकतात. संगणक आतून कसा चालतो हे समजून घ्यायला एखाद्या जुन्या साध्या यंत्राचा एम्युलेटर लिहून पाहण्यासारखा दुसरा धडा नाही, आणि जगभरचे विद्यार्थी तो गिरवतात. लिहिलेला प्रोग्राम मित्रांना द्यायचा तर अ‍ॅपलच्या दुकानासाठी वर्षाला ९९ डॉलर आणि गूगलच्या दुकानासाठी एकदा २५ डॉलर मोजावे लागतात. आज अँड्रॉइडवर निदान दुकानाला वळसा घालून फाइल थेट हातोहात देता येते. शेतमजुराच्या मुलाला उपलब्ध असलेली ही एक पायवाट. तिच्यावरच आता नाका उभा राहतो आहे.

चवदार तळ्याच्या लढ्याशी ह्या प्रश्नाची बरोबरी करणे औचित्याला सोडून होईल. तेथे माणूसपणच पणाला लागले होते. पण १९२३चा कायदे कौन्सिलातील ठराव आणि १९२४चा नगरपालिकेचा ठराव असूनही १९२७ साली सत्याग्रह का करावा लागला, हे ज्या गावाला ठाऊक आहे त्याला कागदावरचा हक्क आणि प्रत्यक्ष प्रवेश ह्यांतले अंतर निराळे शिकवावे लागत नाही. डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा केंद्र सरकारच्या समितीने मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. मोठ्या कंपन्यांनी बाहेरचे प्रोग्राम बसवण्याची मुभा द्यावी अशी त्यात तरतूद होती. २०२५ साल संपेपर्यंत तो संसदेत मांडला गेला नव्हता. रायगडच्या खासदारांना पक्षाच्या तालुका समित्यांनी ह्याबद्दल लेखी विचारावे, न्यायाधिकरणाने गाळलेला निर्देश कायद्यात घालण्याची मागणी करावी, आणि बाजारातून नाहीसे झालेले प्रोग्राम जतन करण्याचा स्पष्ट अधिकार सार्वजनिक ग्रंथालयांना व विद्यापीठांना मागावा. बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधानसभेत १७ सप्टेंबर १९३७ रोजी मांडले, पुढच्या जानेवारीत कोकणचे शेतकरी मुंबईत मोर्चाने गेले, आणि कायदा झाला तो १९४९ साली.