एकोणीस पायऱ्या

बोनसमधून गिटार घ्यायची होती, घेतली सोल्डरिंग गन! पिको नावाचा मायक्रोकंट्रोलर, माइक, टीचभर स्पीकर, आठ बटणं, सगळं साबणाच्या डबीत. आवाज पकडायचा, सीक्वेन्सरच्या हव्या त्या स्टेपवर टाकायचा, की बीट तयार. रॅम २६४ केबी. सेकंदाला २२,०५० नमुने, प्रत्येकी एक बाइट. प्रोग्रामची जागा सोडून जेमतेम नऊ सेकंद. हसू नका, १९८७ च्या एसपी-१२०० मध्येही दहाच सेकंद होते आणि न्यूयॉर्कच्या हिप-हॉपवाल्यांनी त्यावर अल्बम काढले.

पहिला आवाज? गिरगावातल्या आमच्या चाळीचा लाकडी जिना. रिडेव्हलपमेंटआधीचा शेवटचा रविवार. बाबा चपला घालून वर चढले, करकर करकर, मी टिपलं. बॅटरी वाचवायला स्विच बंद केला. घरी येऊन चालू केला तर डबी ठार मुकी! पॉवर गेली की रॅम कोरी होते, हे इंजिनीअर असून विसरलो. फ्लॅशमध्ये सेव्ह करायचं राहूनच गेलं होतं.

चाळ पडली. काल जेवताना बाबांनी तो जिना टेबलावर बोटांनी वाजवून दाखवला, आठवी पायरी जरा लंगडी ठेवून. हे मात्र लगेच फ्लॅशमध्ये टाकलं.

आता भानगड एवढीच, माझ्या सीक्वेन्सरला स्टेप्स सोळा आणि बाबांच्या जिन्याला पायऱ्या एकोणीस. कोड बदलतोय.